आमची पद्मिनी तवंदी घाटात का तापायची

जुनी गाडी तापायला लागली की भेटेल तो माणूस एकेक पार्ट बदलायला सांगतो. पंप बदला, थर्मोस्टॅट काढून टाका, पुढं इलेक्ट्रिक पंखा बसवा, नाहीतर विकून मोकळ्या व्हा. आमच्या १९८९च्या प्रीमियर पद्मिनीबद्दल २०२४च्या जानेवारीपासून मेपर्यंत मी हे सगळं ऐकलं. आता गाडी ठीक चालते, आरसीचं, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचं, नूतनीकरणही झालं. काय तपासलं, कुठल्या क्रमानं तपासलं आणि पैसे कुठं गेले, ते आठवतंय तोवर लिहून ठेवते. निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात अजून बऱ्याच घरांच्या दारात फियाट आणि अँबॅसिडर उभ्या आहेत. त्यांच्या मालकांसाठी हे आहे.

गाडी आप्पांनी नवी घेतली होती. १०८९ सीसीचं इंजिन, ब्लॉक बिडाचा आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं. हे ॲल्युमिनियमचं हेड लक्षात ठेवायला हवं, कारण गाडी वारंवार उकळू दिली की हेड वाकतं, हेड आणि ब्लॉकमधली फट बंद करणारं गॅस्केट जातं आणि मग खर्चाचा आकडा एकदम बदलतो. पाण्याचा पंप आणि पंखा एकाच पट्ट्यावर फिरतात. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. डॅशबोर्डखाली आप्पांनी कधीतरी बाहेरून बसवून घेतलेला एक टेंपरेचर मीटर आहे, तेवढाच.

जानेवारीत बेळगावला निघालो होतो. वाटेत निपाणीजवळचा तवंदी घाट चढताना काटा वर सरकत गेला आणि स्तवनिधीजवळ बॉनेटच्या फटीतून वाफ आली. आप्पांनी खिडकीची काच खाली केली आणि शांतपणे म्हणाले, "इंजिन बंद कर, बॉनेट उघड, पण कॅपला हात लावू नकोस." हे मी इथं मुद्दाम लिहितेय. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं. कॅप सैल होताक्षणी ते एकदम उकळून बाहेर उसळतं आणि तोंड, हात भाजतात. आम्ही चांगला पाऊण तास थांबलो. मग कॅपवर जाड फडकं टाकून पहिल्या टप्प्यापर्यंत सैल केली, फुसफुस थांबल्यावर पूर्ण काढली आणि पाणी थोडं थोडं करत घातलं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

गावातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. "पंप गेलाय बाई, बदलल्याशिवाय भागायचं नाही." पंप बदलला, मजुरीसकट २,६०० रुपये झाले. पुढच्या आठवड्यात गाडी घाटात पुन्हा तापली. मग सल्ला मिळाला की थर्मोस्टॅट काढून टाकू, आणि तेवढ्यानं नाही भागलं तर हेड उतरवू, पंचवीस हजार धरून चला. तिथं मी थांबले. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. काहीच न मोजता पंचवीस हजारांचं काम सुरू करायचं मनाला पटेना.

शिवाय तारखेचा प्रश्न होता. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आमच्या आरसीची मुदत १८ मे २०२४ला संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज म्हणजे फॉर्म २५. तो मुदतीच्या आधी जास्तीत जास्त साठ दिवस भरता येतो, म्हणजे आमच्यासाठी १९ मार्चपासून. मुदत उलटली की चारचाकीला महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क लागतं. आणि गाडी तपासणीसाठी चिकोडीच्या आरटीओत स्वतः चालवत न्यावी लागते, एप्रिल-मेच्या उन्हात.

फेब्रुवारीत मी एक वही केली. बाहेरचं ऊन, रस्ता, वेग आणि काटा कुठं होता, एवढंच त्यात लिहायचं. यातून जे कळलं ते कुठल्याही पार्टपेक्षा मोलाचं होतं. गावात, आठवडी बाजाराच्या गर्दीत, सिग्नलला उभी असताना गाडी तापत नव्हती. तापायची ती घाट चढताना आणि हायवेवर साठच्या वर गेल्यावर. उभी असताना तापणं आणि जोर लागल्यावर तापणं, या दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत. उभ्या गाडीत काटा चढत असेल आणि चालू लागल्यावर उतरत असेल, तर हवा कमी पडतेय: पंखा, पट्टा, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा बघा. उभी असताना ठीक आणि जोर लागला की तापत असेल, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा इंजिनच नेहमीपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय: रेडिएटरच्या नळ्या, होज पाइप, इग्निशन टायमिंग, गॅस्केट बघा. आमची गाडी दुसऱ्या प्रकारातली. इलेक्ट्रिक पंख्याचा विषय तिथंच बाद झाला.

त्यानंतरचा प्रश्न होता, काटा खरं बोलतोय का? १,१०० रुपयांची इन्फ्रारेड थर्मामीटरची गन मागवली. ती वापरताना एक गोष्ट पाळायची. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती धरली तर आकडा खूप कमी दाखवते, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही. थर्मोस्टॅटच्या डबीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला आणि त्यावर गन धरली, तेव्हा आकडे जुळायला लागले. आमचा मीटर सात-आठ अंश जास्त दाखवत होता. म्हणजे काटा १००वर असताना प्रत्यक्षात ९२-९३. तरीही घाटातला प्रश्न खरा होता, वाफ काही काट्यानं काढलेली नव्हती.

मग कॅप. रेडिएटरची कॅप हे नुसतं झाकण नाही, तिच्यात स्प्रिंगवरचा व्हॉल्व्ह असतो. तो पाण्यावर दाब धरून ठेवतो आणि दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, दर एक पीएसआय (दाबाचं एकक) दाबाला साधारण दीड अंश सेल्सिअस. आपल्या भागात हे जास्त जाणवतं. समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंचीवर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, बेळगावच्या उंचीवर त्याहूनही थोडं आधी. आमच्या कॅपचं रबर खडखडीत वाळलं होतं, मधला छोटा व्हॉल्व्ह गंजून चिकटला होता. कोल्हापूरला उद्यमनगरात प्रेशर टेस्टर असलेले एक मेस्त्री भेटले. त्यांनी कॅप लावून पंप मारला, टेस्टरचा काटा वर चढलाच नाही. "ताई, ही कॅप नुसती शोभेला हाय." नवी २८० रुपयांना मिळाली. नवी घेताना जुनीवरचा दाबाचा आकडा बघूनच घ्या. जास्त दाबाची बसवली तर जुना रेडिएटर डाग दिलेल्या, म्हणजे सोल्डर केलेल्या, जोडाच्या जागी फुटतो.

त्याच मेस्त्रींनी गॅस्केटची परीक्षा करून दिली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पंचवीस हजारांचा निकाल तिच्यात होता. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवतात, तिच्यात निळा द्राव असतो. इंजिन चालू ठेवून रेडिएटरमधली हवा त्या द्रावातून ओढायची. गॅस्केट फाटलेलं असेल तर सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड पाण्यात येतो आणि द्राव पिवळा पडतो. मी श्वास रोखून त्या नळीकडे बघत होते. द्राव निळाच राहिला. ऑइलची डिपस्टिकही स्वच्छ होती, दुधाळ फेस नाही. सायलेन्सरमधून गरम इंजिनला पांढरा धूर नाही. हेड उतरवायचं काहीच कारण उरलं नाही. मेस्त्रींनी या परीक्षेचे २०० रुपये घेतले.

टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तिथंच बघितलं. ठिणगी पाडणाऱ्या सीबी पॉइंटची फट कमी झाली होती, टायमिंग मागं पडलं होतं. ठिणगी उशिरा पडली की जळण एक्झॉस्टपर्यंत लांबतं, ताकद कमी मिळते आणि ती उष्णता हेडमध्ये जाते. पॉइंट बदलून टायमिंग लाइटवर सेट केलं, सगळे मिळून ६०० रुपये. येताना कागलपर्यंत गाडी हलकी पळतेय हे पायाला कळत होतं. पण तवंदी घाटात नेली तर काटा पुन्हा वर. आधीपेक्षा सावकाश चढला, पण चढला.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरीच केली. स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्यानं टांगलेला थर्मोस्टॅट आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर. दोन्ही बुडाला टेकू द्यायचे नाहीत. उघडण्याचं तापमान थर्मोस्टॅटवरच कोरलेलं असतं, आमच्यावर ८२ होतं. पाणी ९० ओलांडून गेलं तरी तो जेमतेम उघडला. पूर्ण उघडलाच नाही. नवा ३५० रुपयांना आणला आणि तोही आधी पातेल्यात टाकून बघितला, ८३ला उघडू लागला. आमच्याकडे थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत सर्रास आहे, पण ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो नसेल तर इंजिन थंडच चालत राहतं, पेट्रोल जास्त खातं, सिलिंडरची झीज वाढते. आणि मूळ दोष तसाच दबून राहतो.

एवढं झाल्यावर मार्चच्या शेवटी एका रविवारी अंगणात बॉनेट उघडून उभी राहिले. आप्पा गाडीत बसून ॲक्सिलरेटर देत होते. इंजिन गरम, थर्मोस्टॅट उघडलेला. गनने रेडिएटर वरून खाली मोजत गेले. मध्याच्या डाव्या अंगाला एक मोठा पट्टा शेजारच्या भागापेक्षा पंचवीस अंशांनी गार होता. तिथून पाणी जातच नव्हतं. मग आप्पांना जोरात रेस द्यायला सांगितली आणि खालच्या होज पाइपकडे बघितलं. रेस वाढली तसा तो मनगटाएवढा पाइप मधोमध आत ओढला गेला, दोन्ही बाजू एकमेकींना जवळजवळ चिकटल्या, आणि रेस सोडताच पुन्हा फुगला. नवा पंप पाणी ओढत होता, तुंबलेला रेडिएटर देत नव्हता आणि मऊ पडलेला पाइप त्या ओढीनं मिटत होता. कमी वेगात हे होत नव्हतं, म्हणून गावात गाडी शहाणी आणि घाटात बेजार. आप्पांना खाली उतरवून मी स्वतः रेस दिली आणि त्यांना ते दाखवलं. पस्तीस वर्षं ही गाडी चालवलेला माणूस, बराच वेळ त्या पाइपकडे बघत राहिला.

निपाणीतले रेडिएटरवाले चाचा तेव्हा रमजानमुळे दुपारपर्यंतच दुकान उघडत होते आणि हातात ट्रॅक्टरची कामं होती. ९ एप्रिलला पाडवा, ११ला ईद. मला घाई होती, पण कुणाच्या सणात घाई करायची नसते. १५ एप्रिलला सोमवारी गाडीतून काढलेला रेडिएटर घेऊन गेले. मला शाळेची सुट्टी लागलेली होती, तिथंच स्टुलावर बसले.

चाचांनी आधी वरच्या तोंडातून पाइपनं पाणी सोडलं. खालून चांगली धार पडायला हवी होती, पडली करंगळीएवढी. मग ब्लोलॅम्पनं वरच्या टाकीच्या कडेचा डाग वितळवत गेले आणि चिमट्यानं पितळी टाकी अलगद उचलली. आत चपट्या नळ्यांच्या तोंडांच्या रांगा दिसल्या. निम्म्याहून जास्त तोंडांवर पांढरट-पिवळी खडूसारखी पुटं. "बेटी, पानी जाने कू रस्ताच नै," चाचा म्हणाले. आमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार तो. वर्षानुवर्षं आम्ही रेडिएटरला तेच पाणी घालत आलो होतो, इथं सगळेच घालतात. चाचांनी पातळ चपटी पट्टी एकेका नळीतून वरून खालपर्यंत घातली, याला रॉडिंग म्हणतात. प्रत्येक नळीतून पिवळा भुगा खाली पडत होता. संध्याकाळपर्यंत हे चाललं. मग टाकी पुन्हा डाग देऊन बसवली, तोंडं बंद करून हवा भरली आणि रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला. एका कोपऱ्यात बुडबुडे आले, तिथं पुन्हा डाग. सगळ्याचे १,८०० रुपये. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असा दुरुस्त होतो, त्यामुळे कुणी ॲल्युमिनियमचा नवा घ्यायला सांगितलं तरी आधी असा माणूस शोधा.

रेडिएटर बाहेर असतानाच ब्लॉक धुवायचा असतो, हे चाचांनीच बजावलं. ब्लॉकच्या बाजूचा पाणी सोडायचा कॉक मी उघडला, तर एक थेंब आला नाही. ब्लॉक भरलेला असताना थेंब येत नाही याचा अर्थ तळाशी गाळ बसलाय. कॉक पूर्ण काढून तारेनं टोचत राहिले. आधी काहीच नाही, मग गेरूसारखा लाल घट्ट चिखल, आणि मग फसकन गढूळ पाणी. थर्मोस्टॅटच्या तोंडातून बागेचा पाइप लावून उलट्या दिशेनं पाणी सोडलं, ते स्वच्छ यायला अर्धी सकाळ गेली. नंतर सगळं जोडून, थर्मोस्टॅटशिवाय, लिंबूसत्वाचं सौम्य पाणी भरून इंजिन थोडा वेळ चालवलं, काढलं आणि साध्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतलं. कुणी कॉस्टिक सोडा सुचवेल. ॲल्युमिनियमचं हेड असेल तर अजिबात वापरू नका, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो.

दोन्ही होज पाइप नवे घेतले, ४२० रुपये, खालचा आत स्प्रिंग असलेला मागून घेतला. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात निम्मं कूलंट, ९५० रुपये. इथं थंडीत पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. कूलंट गंज आणि क्षार रोखतं आणि उत्कलनबिंदू वाढवतं, आपल्याला त्यासाठीच हवं. भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करा आणि थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. आत हवा अडकली तर नवं सगळं बसवूनही गाडी तापते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, आप्पांना घेऊन तवंदी घाट चढले. वर जाऊन गाडी थांबवली, बॉनेट उघडून गन धरली: ८८. आप्पांनी गन माझ्याकडून घेतली आणि स्वतः मोजलं.

आरटीओचं काम त्यामानानं सरळ झालं. फॉर्म २५ परिवहन पोर्टलवर भरला, तेव्हा, २०२४मध्ये, फी ५,००० रुपये होती आणि वर ग्रीन टॅक्स, म्हणजे जुन्या गाड्यांवरचा कर. आरसी, विमा, एमिशन टेस्टचं प्रमाणपत्र आणि चेसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा लागतो. ठसा घरूनच घेऊन जा. जुन्या गाडीत नंबरावर ग्रीस आणि रंग चढलेला असतो, तो रॉकेलनं पुसून आधी वाचता येईल असा करून ठेवा. ७ मेला लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे त्या आठवड्यात गेले नाही. १० तारखेला बसव जयंतीची सुट्टी. १३ मेला सकाळी गाडी घेऊन चिकोडीला गेले. साहेबांनी दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, नंबर बघितले, कन्नडमध्ये आप्पांना विचारलं की गाडी कुणी सांभाळली. आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. नवी आरसी जूनमध्ये पोस्टानं आली.

दुरुस्तीचा खर्च गन आणि सुरुवातीचा पंप धरून ८,३००च्या आसपास गेला. एक काम अजून बाकी आहे. कोगनोळीच्या नाक्यावर दुपारी रांगेत उभं राहावं लागलं की काटा थोडा चढतो आणि गाडी हलली की उतरतो. वहीप्रमाणे हा हवेचा दोष. आमच्या पंख्याभोवती श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून बसवतात ते पत्र्याचं कडं, नाही; त्यामुळे पंखा बरीचशी हवा रेडिएटरमधून न ओढता कडेनंच ओढून मागं फेकतो. उद्यमनगरातल्या पत्र्याच्या कारागिराकडे माप देऊन आले आहे. बसवल्यावर आकडे इथंच लिहीन.